पदराची कड

शेवगावला माहेरी निघाले तवा आण्णा, म्हंजी माझे सासरे, यष्टीच्या खिडकीखाली उभे ऱ्हाऊन म्हनले, "लवकर ये सूनबाई. तुझ्याबिगर माझा कॅमेरा चालत न्हाई." मी नुसती हसले, डोक्यावरचा पदर सारखा केला अन् यष्टी निघाली... तेवढंच. मग एका सकाळी भावाच्या मोबाईलवर आमच्या ह्यांचा आवाज आला, "गौरीला घिऊन निघ. आण्णा उठलेच न्हाईत." पोरीला काखेत मारलं अन् श्रीगोंद्यापत्तूर सगळ्या वाटंनं एकच मनात, हिला आठवतील का, हिला आण्णा आठवतील का... ती आत्ता कुठं बोलाया लागलीय. एवढ्याशा डोक्यात मानूस किती दीस ऱ्हातंय?

आण्णा शुगर फॅक्टरीत फिटर हुते. रिटायर झाले अन् हात थरथराया लागले, कपातला चहा बशीत, बशीतला धोतरावर. तशात त्यांना फोटोचा नाद लागला. हे म्हनले, मोबाईल हाय की. पन मोबाईलच्या काचंवर त्यांचं बोट एका जागी ठरायचंच न्हाई, एकाला लावायला जायचे अन् फोन दुसऱ्यालाच. "मला दाबायचं बटन पायजे," म्हनायचे. म्हनून मग हातासाठी नगरला डॉक्टरकडं गेलो तवा, मी, आण्णा अन् कडंवर गौरी, तिथनंच कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. मला तर आत शिरायचीच भीती वाटत हुती, सगळीकडं काचा, पोरीनं काय पाडलं म्हंजी?

दुकानदार म्हनला, "काय काढायचंय काका?"

"एक खंड्या पक्षी हाय आमच्या विहिरीवर, अन् ही नात. दोघं बी एका जागी बसत न्हाईत."

त्यानं आधी व्हिडिओचा कॅमेरा दिला. मला तोच आवडला, पोर बोलाया लागली की तिचं बोबडं बोलनं त्यात ऱ्हाईल म्हनून. पन तो हलका, आण्णांच्या हातात पिंपळाच्या पानावानी उडाया लागला, अन् त्याच्या पडद्यावर सगळं दुकान हलायलंय. काऊंटरवरचा दुसरा मानूस तोंड फिरवून हसला. आण्णांनी गुमान खाली ठिवला. "ह्याच्यात माझं दुखनंच दिसतंय," म्हनले. मग फोटोचा जड कॅमेरा उचलला. "ह्यो बरा. हाताला दाबून धरतोय." तरी फोटो हललेलाच. दुकानदार म्हनला, स्टँड घ्या. "स्टँड काय खंड्याच्या मागं पळंल का?" म्हनले, अन् माझ्याकडं वळून, खाली बघत, "सूनबाई... जरा फुडं उभी ऱ्हाशील? तुझ्या खांद्यावर टेकवू का?"

मी अशी घाबरले! सासऱ्याफुडं मी कधी धड बोलले न्हवते. पन त्यांचा चेहरा बघवंना. पदराची चौपदरी घडी केली, उजव्या खांद्यावर ठिवली अन् पाठ करून उभी ऱ्हायले. गौरी दुकानदाराच्या टेबलावर बसल्याली. खटकन आवाज झाला... पोरीची पापनी न् पापनी आली बघा. आण्णा कितीदा तरी ते चित्र बघत हुते. "ह्योच घ्यायचा," म्हनले.

तवापासनं रोज सकाळी विहिरीवर आमी तिघं. शेजारची काकू सासूबाईंना म्हनली, "सून सासऱ्याकडं पाठ करून उभी ऱ्हाती, शोभतं का?" सासूबाई म्हनल्या, "तोंड वर करून बोलन्यापरीस पाठ बरी की!" मला धाप लागायची, खांदा हलायचा. आण्णा हळूच म्हनायचे, "श्वास धर गं पोरी. किती भ्यायची? तुझं काळीज कॅमेऱ्याला बी कळतंय." हळूहळू भ्या गेलं. गौरीचं पहिलं पाऊल, खंड्याचं मासा धरनं, सगळं माझ्या खांद्यावरनं निघालं. आण्णांचा मात्र त्यात एक बी फोटो न्हाई, न् आवाज बी न्हाई... कसा असंल?

परवा नगरला ते फोटो मोठे करून आनले. फोटोवाला म्हनला, "ताई, समद्या फोटोत डाव्या बाजूला हे धूसर काय आलंय? कापून टाकू?" कुठं लाल, कुठं हिरवं, कुठं निळं... माझ्या डोक्यावरच्या पदराची कड हुती ती. म्हनले, नका कापू.

एक भिंतीला लावलाय. काल गौरी तिथं उभी ऱ्हाऊन म्हनली, "आई, आजा कुठंय?" तिला उचललं, तिचं बोट त्या लाल कडंवर ठिवलं. म्हनले, "ही मी. अन् माझ्या मागं आजा."

तिनं फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग माझ्या उजव्या खांद्यावर हात टेकवून ती वाकली अन् माझ्या पाठीमागं बघाया लागली.

मी श्वास धरून उभी ऱ्हायले.