नाचणी वाचवा

लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये पाय मोडला की माणूस सरळ कैदी होतो. आम्ही बदलापूरला, मांजर्लीत पहिल्या मजल्यावर राहतो. नदीत सोडलेल्या सांडपाण्याविरुद्ध पोस्टर लावायला भिंतीवर चढले, पडले, आणि दीड महिना प्लॅस्टर. माझ्या वाट्याला फक्त मागची खिडकी आली. तिला बाहेर काढलेली लोखंडी ग्रिल, आणि ग्रिलपासून हातभर अंतरावर तुतीची फांदी.

त्या फांदीच्या बेचक्यात नाचणांची एक जोडी घरटं करत होती. नाचण चिमणीएवढीच. राखाडी अंग, पांढरी भुवई, छातीवर ठिपके. शेपटीचा पंखा उघडायचा, मिटायचा, डावीकडे गिरकी, उजवीकडे गिरकी. लोकांना हा नाच वाटतो. नाच कसला, धंदा आहे तो. पंखा फिरला की पानाआडचे किडे दचकून उडतात आणि ही त्यांना हवेतच टिपते. पिकलेल्या तुतीवर घोंगावणारी चिलटं आणि आमच्या गटारावरचे डास, दोन्ही तिला चालायचे. पुस्तकात अशा पक्ष्याला 'सर्वत्र आढळणारा' म्हणतात. म्हणजे ज्याच्यासाठी कोणी मोर्चा काढणार नाही असा.

घरटं वाटीएवढं. वरून कोळ्याचं जाळं गुंडाळून गुळगुळीत केलेलं, खाली धाग्यांची शेपटी लोंबती सोडलेली. नर-मादी आळीपाळीने अंडी उबवायची. मी हलले नाही तर त्यांना माझं काही नव्हतं. कावळा फिरकला तर मात्र ही मूठभर पाखरं त्याच्या पाठीवर जाऊन चोची मारायची.

अंड्यांतून तीन पिल्लं बाहेर आली त्याच आठवड्यात खाली बोर्डावर नोटीस लागली. पावसाळ्याआधी मागची पट्टी साफ करून पेव्हर ब्लॉक बसवणार, तुती तोडणार. कारण काय, तर गाड्यांवर डाग पडतात आणि पुराचा गाळ झाडाशी अडकतो. सही सचिवांची. सचिव म्हणजे माझे पप्पा.

याच माणसाने मला पत्रक लिहायला शिकवलं होतं. अंबरनाथच्या कारखान्यात युनियनची पत्रकं तेच लिहायचे. "पहिल्या ओळीत मागणी. रडगाणं नंतर. आणि खोटं एक अक्षर नको, मालक तेवढंच धरून बसतो."

"पप्पा, पिल्लं आहेत त्यात."

"कमिटीचा ठराव आहे. माझ्या एकट्याचा आहे का?"

"युनियनमध्ये असतात तर तुम्हीच बोंबलला असतात."

"तेव्हा मी मेंबर होतो गं. आता सचिव आहे."

मग मी त्यांच्याच पद्धतीने पत्रक लिहिलं. पहिली ओळ: 'नाचण वाचवा!' उल्हासनगरला कॅम्प तीनच्या प्रेसवाल्याला मोबाइलवरून मजकूर पाठवला. छापलेला गठ्ठा परस्पर पेपरवाल्याकडे गेला आणि सकाळी पेपरातून घरोघर पोचला. आमच्याही घरी. वर ठळक अक्षरात: 'नाचणी वाचवा!'

फोन केला तर प्रेसवाला खूश. "मॅडम, आपका स्पेलिंग गलत था, मैंने सुधार दिया. नाचणी. बहुत हेल्दी चीज है."

त्या दिवशी पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला रडू येत होतं. पण संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. "काय गं, नाचणी कुठे मिळते? पीठ देणार आहेस की सत्व?" मी घरटं दाखवलं. त्या जिन्याने वर गेल्या त्या सगळ्यांना सांगतच. दुसऱ्या दिवशी आमच्या बेडरूममध्ये रांग. चपलांचा ढीग दारात, मोबाइल ग्रिलमधून बाहेर. "अय्या, केवढुशी चोच!" "फ्लॅश मार ना." पत्रक वाटलं की माणसं जमली पाहिजेत, एवढंच मला शिकवलेलं. माणसं जमली होती. मी पलंगावर बसून फुशारत होते. नाचणांची जोडी चोचीत किडे धरून समोरच्या केबलवर चक-चक करत थांबली होती. ते मला दिसत होतं. मी कोणालाही बाहेर काढलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी काकूंनी खिडकीतूनच हात जोडले. "अगं, भारद्वाज! साक्षात. आता तुझं काम झालंच म्हणून समज."

तपकिरी पंखांचा तो धिप्पाड पक्षी फांदीवरून पावलं टाकत बेचक्याकडे निघाला होता. काकूंचे डोळे मिटलेले. नाचणांनी केबलवरून झेप घेतली, त्याच्या डोक्यावर तुटून पडल्या, पण उशीर झाला होता. मी ग्रिलवर कुबडी आपटली. ग्रिलमधून कुबडी बाहेर जाईना. खाली पळत जायचं तर जिना. त्याने तिन्ही पिल्लं काढली, एकेक करून, घाई न करता. काकूंनी डोळे उघडले तेव्हा तो उडून गेला होता. "शुभ असतो हो," म्हणाल्या आणि चहा ठेवायला घरी गेल्या.

संध्याकाळी पप्पा वर आले ते जिना चढतानाच बोलत. कमिटीत सगळ्या बायका चढून बसल्या होत्या, चेअरमनना एक शब्द काढू दिला नव्हता. बोर्डावर नवी नोटीस लागली होती, पप्पांच्या अक्षरात: पिल्लं उडून जाईपर्यंत तुतीला कोणीही हात लावू नये.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "कशी आहेत पिल्लं?"

खरं सांगितलं तर सकाळी करवत येणार. नाचण पुन्हा घरटं करते, महिनाभरात करते, पण त्याला झाड लागतं. आणि खोटं एक अक्षर नको.

"अजून उडाली नाहीत," मी म्हटलं.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग ग्रिलकडे. बाहेर काहीच आवाज नव्हता. ते खिडकीपर्यंत आले नाहीत.

"बरं," म्हणाले. "मग नोटीस राहू दे."

प्लॅस्टर निघेपर्यंत ते रोज संध्याकाळी दारातूनच विचारायचे, आणि मी रोज तेच सांगायचे.