क्लच रुळेपर्यंत

१९८८ साली चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत मेजर घोरपड्यांच्या फियाटला नवा क्लच बसवताना मिस्त्री गुरमेलसिंग म्हणाला, “आठशे किलोमीटर शहरातच हळू चालवा. मग क्लच रुळेल.”

दोनशे झाले आणि मेजरांना तरनतारनकडे जावं लागलं. “उरलेले तू पुरे कर,” ते बायकोला, नलिनीला म्हणाले. सहाव्या दिवशी अतिरेक्यांच्या गोळीबारात ते गेले.

तेराव्यानंतर नलिनी रोज सकाळी लेकीला घरी ठेवून एकटीच शहरातल्या सेक्टरांमधून गाडी फिरवू लागली. घरी सतत माणसं असत. गाडीत तिला रडता यायचं.

आठशे पुरे झाल्यावर गुरमेलसिंगने पेडल दाबून पाहिलं. “बीबीजी, आता कितीही लांब न्या,” म्हणताना त्याने मान फिरवली.

क्वार्टर सोडायचं होतंच. लेकीला शेजारी बसवून नलिनी साताऱ्याला निघाली.