धरणकाठचा बंद तंबू

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणे विसरलो. धरणाच्या निर्जन काठावरचा तो निळा तंबू मात्र काही केल्या विसरता येत नाही.

हिवाळ्यातली सकाळ होती. मासे धरणाऱ्या एकाचा ठाण्यात फोन आला, "साहेब, काठावर दोन पोट्टे मरून पडले. तिसरा बोंबलून राह्यला."

तंबूत वर्ध्यातल्या एका कापड दुकानदाराची दोन्ही मुले पांघरुणात निपचित पडली होती. उशाशी उलटी. झटापटीची खूण नाही. त्यांचा मित्र गाडीत झोपला म्हणून वाचला होता. स्वयंपाक त्यानेच केला होता आणि उपवास असल्याने स्वतः जेवला नव्हता.

मुलांचे वडील ओरडतच ठाण्यात आले. "यानंच जेवणात विष घातलं माह्या पोराइच्या!"

संशय मलाही होता. आकस्मिक मृत्यूची नोंद केली, अन्नाचे नमुने जप्त केले आणि मित्राला समोर बसवले. तो एकच सांगत होता, "मी काईच नाई केलं, साहेब."

दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. "मेल्यावर अंगावर उमटतात ते डाग लालबुंद आहेत. विषारी वायू वाटतो. आत काही जळत होतं का?"

पंचनाम्यात तंबूतल्या कोळशाच्या शेगडीची नोंद होती. तंबूच्या सगळ्या चेन आतून बंद होत्या.

"शेगडी आत कोणी ठेवली?" मी विचारले.

"मीच. त्याइले लय थंडी वाजून राह्यली होती." सांगताना त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. मित्रांसाठी केलेले एक चांगले काम तो मला सांगत होता.

बंद जागेत कोळशाचा वायू कसा जीव घेतो, त्याला वासही नसतो, हे मी त्याला सांगितले. तो उठून उभा राहिला. "म्हंजे... मीच मारलं काय त्याइले?"

मी काही बोलण्याआधी दाराशी उभे असलेले वडील पुढे आले.

"शेगडी म्या देल्ली होती," ते म्हणाले. "थंडी आहे, तंबूत ठेवजा, म्हनलं होतं."

मी त्यांना खुर्ची दिली आणि त्यांचा जबाब लिहायला घेतला.

रक्ततपासणीत वायूच निघाला. माणसांचे वाईट हेतू शोधण्यात माझी सारी नोकरी सरली. इथे हेतू चांगलाच होता आणि दोन पोरे तरीही गेली.

आता पाण्याकाठी तंबू दिसला की मी गाडी थांबवतो. विस्तव आत नेऊ नका, हवा खेळती ठेवा, जास्तीचे पांघरूण घ्या, असे सांगतो. पोरे हसतात, "काका, काई नाई होत." शेगडी बाहेर निघेपर्यंत मी तिथून हलत नाही.