पडद्याची दोरी

माघात आमच्या गावाला ऊन उशिरा येतं. सूर्य कधीच उगवलेला असतो, पण डोंगराचा कडा ओलांडून तो अंगणात उतरेपर्यंत पेंढ्याच्या उडवीवरचं दहिवर तसंच असतं. तोवर माझी चूल पेटलेली असते, गाईची धार काढून झालेली असते आणि दूध डेअरीच्या गाडीला लागलेलं असतं. मी परत येते तेव्हा आमचे हे उठून ओसरीवर बसलेले असतात. मी त्यांच्याजवळ बसते, त्यांचा उजवा हात मांडीवर घेते आणि एकेक बोट उघडते, मिटते. तेल गरम केलेलं असतं. गार हवेत तो हात आणखीच आखडतो.

मागल्याच्या मागल्या पावसाळ्यात भाताची लावणी चालू असताना हे खाचरातच खाली बसले. आधी वाटलं, पाय घसरला. मग हाक मारली तर तोंड वाकडं झालेलं. जीपमधून तालुक्याच्या गावी अकोल्याला नेलं, तिथून संगमनेरला. जीव वाचला. पायही पुढे बराच सुधारला, काठी घेऊन चालतात. उजवा हात अर्धाच राहिला. आणि बोलणं गेलं.

संगमनेरच्या डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून नीट समजावलं, "ताई, त्यांना सगळं समजतंय. माणसं ओळखतात, तुम्ही काय म्हणता ते कळतं. फक्त शब्द सापडत नाहीत." एकच शब्द तेवढा शिल्लक राहिला, तो म्हणजे 'बरं'. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं, नको असलं तरी बरं. कुठलं बरं कशाचं, ते आवाजावरून ओळखायला मला वर्ष लागलं.

यात्रेच्या नाटकात माईक बंद पडला तरी ज्यांचा आवाज देवळाच्या मागच्या चिंचेपर्यंत जायचा, त्या माणसाच्या वाट्याला हे आलं.

मी मूळची नगरची. माझे वडील नाटकवेडे. स्पर्धेची नाटकं लागली की नोकरीवरून आल्या आल्या आम्हाला घेऊन निघायचे. बारावीनंतर मला बघायला पाहुणे आले, डोंगराकडचं स्थळ, भातशेती. मुलीला काही विचारायचं असेल तर विचार, असं यांना म्हणाले, तेव्हा यांनी मान वर करून विचारलं, "नाटक बघता का?" घरातले सगळे हसले. मी हसले नाही. मी हो म्हणाले, आणि त्या प्रश्नासाठीच इथं नांदायला आले असं आजही मला वाटतं.

गावात यात्रेला नाटक बसवायचे ते हेच. गडीमाणसं दिवसभर शेतात, संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात तालीम. लग्नानंतरच्या पहिल्याच यात्रेला मी विंगेत पुस्तक घेऊन उभी राहिले. सून विंगेत उभी राहते म्हणून थोडी कुजबुज झाली, मग सवय पडली. तेव्हापासून मी प्रॉम्प्टर. पुढे अंगणवाडीची सेविका झाले, मुलं मोठी होऊन पुण्याला गेली, पण माघातली विंगेतली जागा माझीच राहिली.

यांचं बोलणं गेल्यावर मला एक आशा होती. संगमनेरला ज्या बाई बोलण्याचे व्यायाम शिकवायच्या, त्या चित्रं दाखवायच्या, हा कप, हे झाड. यांनी ती चित्रं एकदा भिरकावून दिली. मला वाटलं, पाठ केलेली वाक्यं तरी आत कुठेतरी असतील. मी जुन्या नाटकाचं पुस्तक काढलं आणि यांच्या भूमिकेच्या आधीचं वाक्य म्हणून थांबायची, जशी वर्षानुवर्षं थांबत आले होते. हे ओठ हलवायचे. कपाळावर घाम यायचा. आणि निघायचं ते, "बरं." काही महिन्यांनी एके दिवशी यांनीच माझ्या हातातलं पुस्तक हळूच मिटलं. मी ते पुन्हा उघडलं नाही.

गेल्या वर्षी गावात नाटक झालं नाही. कुणी विषयच काढला नाही.

यंदा मात्र संक्रांत झाल्यावर चार-पाच तरुण पोरं अंगणात येऊन उभी राहिली. पुढे होता तो पिकअप चालवणारा, इकडचा भाजीपाला संगमनेरच्या बाजारात नेतो. यांनीच त्याला पहिल्यांदा स्टेजवर उभं केलं होतं.

"काकी, यंदा नाटक हाय का न्हाई?" त्याने विचारलं.

"मला काय विचारता? तुम्ही बसवा."

"आमाला कुटं येतंय? तुमी बसवा. तात्या बसत्याल संगं."

गावात यांना सगळे तात्याच म्हणतात. मी यांच्याकडे पाहिलं. हे ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी एकेका पोराकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं." ते खरंच 'बरं' होतं.

नाटक निवडलं तेही यांनीच, बोट ठेवून. गावातल्याच एका गुरुजींनी पूर्वी लिहिलेलं. धरणाच्या पाण्याखाली गाव जाणार असतं, सगळे उठून गेलेले, एक म्हातारा तेवढा घर सोडत नाही. शेवटी मुलगा न्यायला येतो. म्हातारा "चला" म्हणतो आणि पडदा पडतो. आमच्या भागात पाण्याखाली गेलेल्या घरांची आठवण पुष्कळांना आहे, त्यामुळे ते नाटक लोकांचं होतं. म्हाताऱ्याचं काम तेव्हा यांनी केलेलं. आता ते पिकअपवाल्याला दिलं.

मग माझे दिवस भरून गेले. सकाळी अंगणवाडी, लेकरांची वजनं, खिचडी, गरोदर बायकांच्या घरी फेरी. दुपारी हरभऱ्यातलं थोडं काम. दिवस मावळला की यांना शाल, कानटोपी घालून शाळेत न्यायचं. डोंगरावरून वारं सुटायचं, व्हरांड्यात पोरं काकडत उभी राहायची. तरी जेवणवेळेपर्यंत तालीम चालायची. मी वाक्यं घोकून घ्यायची. कोण कुठे उभं राहील ते हे काठीने जमिनीवर दाखवायचे.

एका तालमीला पिकअपवाल्याला रंग चढला. आवाज खाली नेऊन, मान किंचित तिरकी करून त्याने म्हाताऱ्याचं मोठं भाषण म्हटलं. हुबेहूब हे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही अंगावर काटा आला, कारण तो आवाज मी ऐकून किती दिवस झाले होते.

हे उठले. काठी आपटली आणि अंधारात चालू लागले.

मी धावत मागे गेले. वाटेत गाठलं तर गालावरून पाणी वाहत होतं. मी विचारलं, "तुमची नक्कल केली म्हणून वाईट वाटलं का?"

त्यांनी मान हलवली, नाही. माझ्या हाताला धरून परत शाळेकडे बोट केलं, मग स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून जोरात नकाराची मान हलवली, मग पुन्हा शाळेकडे बोट करून छातीवर थाप मारली. मी दोनदा चुकीचा अर्थ लावला. तिसऱ्यांदा कळलं.

परत जाऊन मी त्या पोराला म्हणाले, "अरे, तू तात्यांचा आवाज काढू नको. तुझा काढ."

तो ओशाळला. "माज्या आवाजात म्हातारा वाटनार न्हाई, काकी."

"ते आपण बघू."

त्यानंतर पोरांनी आपसांत काही ठरवलं आणि ती माझ्याकडे आली. म्हाताऱ्याचा एक मुका भाऊ नाटकात घालायचा, आणि ते काम तात्यांनी करायचं. नुसतं बसून राहायचं. पोरांच्या मनात माया होती, हे मला दिसत होतं. तरी मला राग आला. मी म्हणाले, "लोक नाटक बघायचं सोडून यांच्याकडे बघत हळहळतील. मला ते चालणार नाही."  मग लक्षात आलं की मी यांना विचारलंच नाही, हे शेजारीच तर बसले होते. मी वळून विचारलं. यांनी हसून नकाराची मान हलवली, आणि काठी उचलून व्हरांड्याच्या कडेला तालमीसाठी टांगलेल्या पडद्याच्या दोरीकडे दाखवलं.

पडदा ओढणारा आमचा जुना माणूस चाकणला कंपनीत लागला होता. ती जागा रिकामीच होती.

"एका हाताने?" मी म्हणाले.

"बरं," हे म्हणाले. त्यात वाद नव्हता.

पहिल्या दिवशी पडदा अर्ध्यात अडकला, दोरी डाव्या हातातून निसटली आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीतून आले तर गोठ्यातून घासल्याचा आवाज येत होता. आढ्यावरून दोर टाकून त्याला यांनी भुश्शाचं पोतं बांधलं होतं. दोर कमरेभोवती घ्यायचा, डाव्या हाताने ओढायचा, ढील देताना अंग मागे टाकायचं. गाय कान टवकारून बघत होती. मी चहा ठेवायला गेले. हळद लावून तळहाताला फडकं बांधायचं काम मात्र रोज रात्रीच्या जेवणाआधी मला लागलं.

यात्रेच्या दिवशी पालखी देवळात परतली आणि दिवे लागताच नाटक सुरू झालं. माणसं घोंगड्या, सतरंज्या घेऊन आली होती. पुण्याहून मुलगा-सून आले होते, तेही पुढे बसले. पडदा उघडला तो एका झटक्यात. मी विंगेतून समोरच्या विंगेत पाहिलं, हे दोर कमरेला घेऊन उभे होते, चेहऱ्यावर रंग नव्हता तरी रंग लावल्यासारखे.

पिकअपवाल्याने स्वतःच्या आवाजात काम केलं. सुरुवातीला आवाज पातळ वाटला, मग लोक पुढे सरकून ऐकू लागले. शेवटचा प्रवेश आला. मुलगा न्यायला आला, म्हाताऱ्याने काठी उचलली आणि म्हणाला, "चला."

पडदा पडला नाही.

मी पुस्तक मिटलं होतं. समोर पाहिलं, हे दोर धरून तसेच उभे.  हात आखडला, मला वाटलं. तिकडे धावत जावं तर मध्ये उजेडातलं स्टेज. पिकअपवाला तिथेच उभा, पुढे वाक्य नाही, काय करावं कळेना.  त्याने इकडे तिकडे पाहिलं. मग वर पाहिलं, रंगवलेल्या आढ्याकडे. तिथून नजर खाली आली, भिंतीवर, कोनाड्यावर, थर्माकोलच्या चुलीवर. चुलीवर थांबली. मग तो वळला आणि निघाला, आणि त्याची पाठ लोकांकडे झाली तेव्हा पडदा सावकाश आला.

लोक लगेच टाळ्या वाजवू शकले नाहीत. बायका पदराने डोळे पुसत होत्या. पाण्याखाली गाव गेलेली एक म्हातारी तर उठायलाच तयार होईना.

दुसऱ्या दिवशी मांडव सोडायच्या आधी पिकअपवाला घरी आला. रागात होता, पण आवाज जपून लावत होता. "काकी, काल पडदा का न्हाई पडला? मी तितं उबा राहून मेलो हुतो."

मला यांच्यासमोर 'हात आखडला असेल' असं म्हणवेना. मी यांनाच विचारलं, "दोर अडकला होता का?"

यांनी नाही म्हणून मान हलवली. मग काठी टेकत उठले, ओसरीवरून घराच्या दारात जाऊन उभे राहिले. आढ्याकडे पाहिलं. सावकाश नजर खाली आणली, भिंतीवरून, कोनाड्यावरून, आत चुलीपर्यंत. तिथे थांबले. मग वळले आणि आमच्याकडे पाठ करून अंगणात उतरले. दोन पावलं जाऊन त्यांनी हात वर केला आणि खाली आणला, पडदा यावा तसा.

पोराचा राग उतरला. तो पायरीवर बसला. "म्हंजी मी बघायचं ऱ्हायलं हुतं," तो म्हणाला. "घर सोडताना मानूस येकदा बघनार की. तालमीत मी कदीच न्हाई बघितलं. आन् काल बघितलं ते, काय करावं सुचंना म्हनून."

हे त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि चांगल्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. मी आत जाऊन चुलीपुढे बसले आणि पुष्कळ रडले. दीड वर्षात तसं रडायला वेळच झाला नव्हता. यांचं बोलणं गेलं म्हणजे यांच्यातलं नाटकही गेलं असं मी धरून चालले होते. यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी मी ते दुःख करत होते. ते चूक होतं, एवढं त्या सकाळी कळलं.

बोलणं आलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, आता जे आहे ते धरून चालायचं. आता थंडी सरत आली आहे, दुपारी ऊन चटकतं, आंब्याचा मोहोर गळून बारीक कैऱ्या धरल्या आहेत. दिवस मावळला की मी पुढच्या वर्षासाठी नवीन नाटक वाचून दाखवते. एक मला फार आवडलंय, त्यात बाईचं काम मोठं आहे. गावातली एखादी पोरगी उभी राहील असं मला वाटतं. यांना ते नाटक पसंत नाही. मी दुसऱ्या अंकाला आले की हे तोंड फिरवून गोठ्याकडे जातात. मी त्यांच्या मागे पुस्तक घेऊन जाते आणि तिथेच उभी राहून पुढचा प्रवेश वाचते. अजून ठरलेलं नाही.