तलावाच्या काठची काळी फरशी

"डोळे झाकून घ्या," असं कुणी म्हटलं की माझे डोळे आपोआप मोठे होतात. ही सवय बेल्ह्याच्या बैलबाजाराची. वडील मला लहानपणी तिथे न्यायचे आणि एकच गोष्ट बजावायचे: व्यापारी ज्या बैलाची तारीफ करील त्याच्याकडे पाठ फिरवायची. उरलेल्यांतला एक निवडायचा, कडक जमिनीवर चालवायचा, खूर आपल्या हाताने दाबून बघायचे. या पद्धतीने आम्ही दोनदा अडेलतट्टू बैल घरी आणले, पण आपलं चुकलं असं वडिलांनी कधी कबूल केलं नाही.

मुलाने आमच्या अवसरीच्या मळ्यात पाहुण्यांसाठी चार खोल्या आणि पोहण्याचा तलाव काढला, तेव्हा मी त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, तलाव तुझा, पण काठची फरशी मी निवडणार. शेततळ्यात डुंबून वाढलेल्या पोराला निळा तलाव कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. मला काळजी होती ती बायकोची. आदल्या वर्षी ती न्हाणीघरात ओल्या चपलेवरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिथली फरशी "अजिबात घसरत नाही" या दुकानदाराच्या शब्दावर घेतलेली. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा पडू देऊ नका. पाहुण्यांचा चहा, टॉवेल सगळं तीच बघणार होती, म्हणजे दिवसभर त्या ओल्या काठावरून तिची ये-जा. मला धास्तीच बसली होती.

आळेफाट्याच्या फरशीच्या दुकानात मी आणि बायको सकाळी लवकर पोचलो. पत्र्याच्या शेडमध्ये नमुने मांडले होते: गुळगुळीत टाइल, लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, एक फिकट पिवळा दगड आणि एक खडबडीत काळा कडप्पा. मी चपला काढल्या, बादलीभर पाणी मागवलं, त्यात साबण कालवला आणि प्रत्येकावर ओतून चालून बघितलं. टाइल आणि पट्ट्या तिथेच बाद झाल्या.

दुकानदार हसत होता. मला ते हसणं आवडलं नाही.

"पावणं, पिवळा घ्या. डोळं झाकून घ्या," तो म्हणाला. "उन्हात थंड ऱ्हातो. दोनी दगड दुपारपातुर भाईर ठिवतो, तवा बघा."

झालं! एक तर त्याने तारीफ केली, वर दुपारपर्यंत थांबवून घ्यायला निघाला. पिवळ्या दगडाच्या थप्पीवर बोटभर धूळ होती. मी विचारलं, "किती दिस झालं हा माल पडून?" तो जरा घुटमळला. माझ्या मनात काळा दगड तिथेच पक्का झाला.

गाडीत बसलेल्या बायकोने काच खाली केली. "अवं, मी पन जरा पाय ठिवून बघू का?"

"बस गप. समदं वलं झालंय. पडशील."

तिने काच वर केली.

फरशी बसवताना मी गवंड्याच्या डोक्यावरच उभा होतो. एकेक फरशी बोटाच्या पेराने ठोकून बघितली, पोकळ वाजली की उखडायला लावली. पाणी ओतून उतार तपासला. गवंडी मला बघितलं की टोपी डोळ्यांवर ओढायचा. काम संपल्यावर मी नियम केला: काठावर चप्पल चालणार नाही. साबणाच्या पाण्यात मी त्या फरशीवरून अक्षरशः पळून दाखवलं. कुठेही घसरलो नाही. फार फुशारलो होतो मी.

मग मे महिना आला. एका दुपारी बायको टॉवेल घेऊन अनवाणी निघाली. अर्ध्यात पोचली आणि थांबली. एक पाय उचलला, ठेवला, दुसरा उचलला. ऑपरेशनचा पाय एकट्याने तिचा भार पेलत नाही, हे मला ठाऊक होतं. पळता तिला येत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, धरायला काही नव्हतं. मीही तिथेच अनवाणी उभा होतो आणि ओरडत होतो, "सावकाश! घसरशील!" मला वाटलं, गवंड्यानेच काहीतरी लबाडी केली.

तिने टॉवेल टाकले आणि तलावाच्या जवळच्याच पायऱ्यांवरून लुगड्यासकट पाण्यात उतरली.

मी धावत गेलो. ती पायरीवर बसली होती, तळवे लाल झाले होते, एका टाचेला फोड आला होता. तिने माझा पाय ओढला आणि टाचेच्या भेगेत अंगठ्याचं नख रुतवलं.

"लागतंय का?"

"न्हाई."

"आन् ही फरशी भाजतीय का?"

मी पाय नीट टेकवून बघितला. "कोमट हाय."

"जलमभर ढेकळं तुडवलेलं पाय तुमचं. त्येंनी माझ्यासाठी फरशी बघितली व्हय?" ती म्हणाली. रागावली नव्हती, हसतही नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिचा फोड बरा झाल्यावर आम्ही पुन्हा आळेफाट्याला गेलो, या वेळी भर बाराला. मी आदल्या दिवशी फोन केला होता, म्हणून दुकानदाराने पिवळा दगड सकाळपासून उन्हात मांडून ठेवला होता. मला बघून तो पुन्हा हसला, आणि माझ्या मनात पुन्हा आलंच, याने आत्ताच यावर पाणी मारलं असेल.

"बोला पावणं, कसा वाटतोय?"

"मला नका इचारू. त्यास्नी इचारा," मी म्हणालो.

बायकोने चपला काढल्या, फोड आल्यापासून हातात घेतलेली काठी मला दिली आणि दगडावर चढली. मी गाडीत जाऊन बसलो आणि काच वर केली.