सात नावांचा सिनेमा

पाणीपुरवठा खात्यात तो मीटर वाचायचा. सत्तावीस वर्षं तेच काम. जिन्याखालच्या नाहीतर परसातल्या ओल्या खड्ड्यात वाकायचं, काचेवरचा चिखल अंगठ्यानं पुसायचा, आकडा टिपून पुढच्या दाराची घंटा वाजवायची. सगळे त्याला मीटरवाला म्हणत. पुढंपुढं बायकोही थट्टेत तेच म्हणायला लागली. माणूस सरळ, बोलणं मोजकं. खोड एकच. आकडा टिपून झाला की तो घरच्या लोकांना विचारायचा, भुताखेतांच्या इटालियन सिनेमांच्या जुन्या कॅसेटी आहेत का हो तुमच्याकडे? लोक गालातल्या गालात हसायचे. कुणी एखादं खोकं काढून दाखवायचं, बरेच जण दार लावून घ्यायचे.

त्याला त्या सिनेमांची आवड अशी काडीइतकीही नव्हती. पडद्यावर रक्त दिसलं की तो तोंड फिरवायचा. तो शोधत होता ताईला.

ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, एका हॉटेलच्या धुलाईघरात कामाला. तो सतरा वर्षांचा असताना इटालियन लोक शूटिंगसाठी त्यांच्या शहरात आले. शहराबाहेरचं बंद पडलेलं क्षयरोग्यांचं इस्पितळ त्यांना पसंत पडलं आणि मुक्काम पडला ताईच्या हॉटेलात. नर्सचं बारीकसं काम करणारी बाई ऐन वेळी आजारी पडली, आणि चादरींचा गठ्ठा छातीशी धरून जिना उतरणारी ताई दिग्दर्शकाच्या नजरेस आली. काम एका दिवसाचं. लांबलचक व्हरांड्यातून चादरी घेऊन यायचं, दोन वाक्यं बोलायची, कपाट उघडायचं आणि कपाटातून आलेल्या दोन हातांनी मरायचं. संध्याकाळी गळ्यावरचा लाल रंग तसाच ठेवून ती घरी आली. आई किंचाळली. खरं काय ते कळल्यावर आईनं तिला ओल्या फडक्यानं झोडपलं आणि मग दोघी हसून हसून जमिनीवर बसल्या.

पुढच्या वर्षी मेंदूच्या तापानं ताई चार दिवसांत गेली. घरात तिचे तीनच फोटो होते. तिन्हींत ती काठीसारखी ताठ, एकात तर डोळे मिटलेले.

सिनेमा शहरात लागला तो त्यानंतर दोन वर्षांनी. इथं त्याचं नाव ठेवलं होतं ‘लोखंडी खाटा’. आई आणि तो पहिल्याच खेळाला गेले. व्हरांडा आला, चादरी घेतलेली ताई पाठमोरी चालत गेली, आणि ती वळणार एवढ्यात पडद्यावर मोटार चालवणारा एक पोलीस आला. मधलं सगळं सेन्सॉरनं कापलेलं. आईनं ओळीनं तीन खेळ पाहिले. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "पाठ तिचीच आहे. चेहरापण कुठंतरी असेलच की रे. फेकून थोडाच दिला असेल?"

ते वाक्य त्याच्या मानगुटीवर बसलं.

पुढं व्हिडिओ आले. बाजारातल्या कॅसेटवाल्यानं त्याला भानगड समजावून सांगितली. असले सिनेमे देशागणिक नाव बदलतात आणि जो तो आपल्याला हवी तिथं कात्री लावतो. एका देशाला रक्त चालत नाही, दुसऱ्याला उघडं अंग चालत नाही, तिसऱ्याला सिनेमाच लांब वाटतो. ताईच्या सिनेमाचं मूळ नाव होतं ‘सातव्या खोलीतला श्वास’. कुठं तो ‘चादरींवरचं रक्त’ झाला, कुठं ‘कपाटातले हात’. एका देशात तर ‘नरकाचं इस्पितळ, भाग दुसरा’ म्हणून लागला. पहिला भाग कुणी काढलाच नव्हता.

मग त्यानं शब्दकोश घेऊन परदेशी पत्रं लिहायला सुरुवात केली. एकेक कॅसेट यायला वर्ष वर्ष लागायचं. मीटरच्या जुन्या वहीत तो मिनिटं लिहून ठेवायचा: कोणती प्रत अठ्ठ्याहत्तर मिनिटांची, कोणती शहाऐंशीची, कुठून काय गेलंय. एकीत व्हरांडाच नव्हता. एकीत सुरुवातीची नावं यायच्या आधी नुसते ताईचे पाय. एकीत चेहरा होता, पण प्रत इतकी काळी की चेहरा काय आणि भिंत काय. आणि एका प्रतीत चादरी घेतलेली बाई वळली तर ती दुसरीच निघाली. तिथल्या वितरकानं आपल्याकडची नटी उभी करून तेवढा तुकडा नव्यानं काढला होता. त्या कॅसेटबद्दल तो आईशी अवाक्षर बोलला नाही. एरवी सांगायची गरजच पडत नसे. तो दारात आला की आई त्याच्या तोंडाकडे बघायची आणि परत आपल्या कामाला लागायची. बायको पाहुण्यांना म्हणायची, आमच्याकडे एकच सिनेमा सहा वेळा आलाय, आणि सहाही वेळा अर्धाच.

सातवी कॅसेट आली तेव्हा आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. एक डोळा केव्हाच गेलेला, दुसऱ्यावर काम चाललेलं. कॅसेट पाठवली होती दूरच्या देशातल्या एका निवृत्त सिनेमा-ऑपरेटरनं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, हिच्यातलं काहीही कापलेलं नाही.

सुट्टीच्या दुपारी, आई पलीकडे झोपलेली असताना, त्यानं ती लावली. ताई वळली. चांगली चाळीस सेकंद ती त्याच्याकडे बघत चालत आली. हसू दाबताना ती खालचा ओठ दातात धरायची, तसा धरला होता. ती काहीतरी बोलली. त्यानं नुसता तिचा चेहरा पाहिला. मग कपाट उघडलं आणि पुढची दोन मिनिटं कॅमेरा जागचा हलला नाही.

बायको मागं उभी होती. "आईंना हे दाखवणार?"

त्यानं कॅसेट यंत्रातून बाहेर काढली.

"इतकी वर्षं तुम्ही शोधत होता ते हेच ना? ती मरतानाचं?"

कॅसेट आल्याचं त्यानं आईला सांगितलंच नाही. ती घेऊन तो कॅसेटवाल्याकडे गेला आणि म्हणाला, कपाट उघडतं तिथपर्यंतचीच एक प्रत करून द्या. प्रत करायला लागणारं कॅसेटवाल्याचं दुसरं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. आज देतो, उद्या देतो करत तीन आठवडे गेले. आईला समोर बसवून वेळेवर बटण दाबलं असतं तरी भागलं असतं. हे त्याला सुचलं, पण फार उशिरा.

त्याच तीन आठवड्यांत एका सकाळी आईनं विचारलं, अजून उजाडलं कसं नाही? डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची शीर फुटली आहे, नजर परत यायची नाही.

तरी प्रत हातात आल्यावर त्यानं आईला ताईचा चेहरा सापडल्याचं सांगितलं. तिनं तोंड धुतलं, सुनेकडून केस विंचरून घेतले आणि टीव्हीसमोर खुर्चीत बसली. "लाव," म्हणाली.

"व्हरांडा आला," तो सांगू लागला. "ती वळली बघ. केस मागं बांधलेत. आपल्याकडंच बघतेय, आई. ओठ दातात धरलाय."

आईनं मान पुढं काढली होती. ताई दोन वाक्यं बोलली.

"ही कोण?"

"ताई."

"छे. ही दुसरीच कुणीतरी आहे."

तेव्हा पहिल्यांदा त्याच्या कानांवर तो आवाज नीट पडला. कोवळा, नाजूक, कुण्या परक्या बाईचा. असल्या सिनेमांत बोलणं मागाहून भरतात, स्टुडिओत दुसरेच लोक बोलतात, हे कॅसेटवाल्यानं कधीतरी सांगितलं होतं. त्यानं ते आईला सांगितलं. "चेहरा मात्र तिचाच आहे," असं तो दोनदा म्हणाला. आईनं आणखी तीन वेळा लावायला लावलं आणि मग हातानंच बंद कर अशी खूण केली.

"पुढं काय होतं?"

"काही नाही. ती निघून जाते."

आठवडा गेला. मग एका सकाळी पाण्याचा तांब्या हातात घेऊन म्हणाली, "तिचा आवाज माझ्या कानात होता रे. ‘आई, येते गं’ म्हणायची ना, तो. आता आठवायला गेलं की ती बाई बोलते."

त्यानं मनातल्या मनात ताईला हाक मारून पाहिली. त्यालाही तीच बाई ऐकू आली.

त्या रविवारी तो ताईबरोबर धुलाईघरात असलेल्या दोघींना शोधत गेला. दोघी आता म्हाताऱ्या झालेल्या. एक म्हणाली, तिचा आवाज जरा घोगरा होता. दुसरी म्हणाली, घोगरा कुठला, चांगला खणखणीत होता, आठवत नाही का तुला? त्यावरून दोघींची जुंपली. तो चहा अर्धा ठेवून उठला.

घरी आईनं विचारलं, कुठं गेला होतास? तो म्हणाला, एका घरचा मीटर बघायचा राहिला होता.