चार घड्यांची चिठ्ठी

आमच्या मंडळीत प्रार्थनेच्या विनंतीची चिठ्ठी दोन घड्यांची असली तर ती सगळ्यांसमोर वाचायची. चार घड्यांची असली तर वाचायची नाही. पाळकांनी ती गुपचूप खिशात टाकायची आणि घरी जाऊन गुडघ्यावर बसून तेवढी देवाला सांगायची. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पिंपळनेरच्या आमच्या चर्चमधल्या शेंबड्या पोरालाही तो ठाऊक आहे. मलाही होता. मी म्हणजे आधार, बी.ए., झेरॉक्सच्या दुकानाचा मालक आणि तरुण संघाचा सेक्रेटरी.

त्या रविवारी वना पाळक नवापूरला सभेला गेले होते. जाताना म्हणाले, "आधार, विनंत्या तू वाच. आवाज चांगला शे तुना." एवढ्यावर मी शर्टाला दोनदा इस्त्री केली. उपासनेत पुढे जाऊन चिठ्ठ्या टाकायचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला आणि माइक तोंडाशी धरून सुरू झालो. कोणाची म्हैस आटली होती. कोणाचा पोरगा पोलीस भरतीत धावणार होता. पाच-सहा झाल्यावर एक बारीकशी गोळी हाताला लागली. कागदाला सिमेंट लागलेलं. घड्या मोजायचं सुचलंच नाही. मी आपला आवाजावर खूश होतो. अक्षर इतकं वाकडं की अर्थ लागण्याआधी उच्चार करावा लागत होता, म्हणून एकेक अक्षर लावत मी खणखणीत वाचलं:

"देवा, रूपाना पोटमा गाठ शे. डाक्टर म्हणस तीन-चार महिना. तिले सांगेल नही. तिले तरास नको होऊ दे. मना करता काहीच नको."

मधेच पुरुषांच्या बाजूने हिलाल नाना अर्धे उठले होते आणि एसटीला हात दाखवावा तसा त्यांनी हात वर केला होता. मला वाटलं, त्यांना अंगात आल्यासारखं झालंय, आमेन म्हणताहेत. शेवटचं वाक्य वाचून झालं तेव्हा मला अर्थ लागला. तोवर तो बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसलेल्या रूपाअक्कांनाही लागला होता.

रूपाअक्कांनी पदर नीट केला. मांडीवरची धान्याची पिशवी खाली ठेवली.

"पुढची वाच, आधार," त्या म्हणाल्या. "लोकांना उन्हाच्या आत घरी जायचंय."

मी पुढची वाचली. ती कशाची होती, ते आजही आठवत नाही.

रूपाअक्का आश्रमशाळेत स्वयंपाकीण होत्या. दीडशे पोरांच्या भाकरी थापून थापून त्यांचे तळवे खरपुडीसारखे झाले होते, आणि त्या तळव्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली की केस अडकायचे. मिशनच्या बोर्डिंगात त्या सातवीपर्यंत शिकल्या. तिथून दोन गोष्टी आणल्या: शुद्ध मराठी आणि स्पष्ट बोलायची खोड. मूल झालं एक, ते आठव्या दिवशी गेलं. त्यानंतर दुसऱ्यांच्या दुखण्याशी बसणं हेच त्यांनी काम मानलं. 

आमच्याकडे बायका रोज पीठ मळण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढतात आणि रविवारी चर्चमध्ये आणून एका पिशवीत ओततात. ज्या घरात आजारपण किंवा मयत असेल त्या घरी ती पिशवी जाते. एकोणीस वर्षं ती रूपाअक्काच नेत होत्या. पिशवी ठेवायच्या, चूल पेटवायच्या, आजाऱ्याचं तोंड पुसायच्या आणि मग प्रार्थना करायच्या. "उपाशी माणसाला देवाचं नाव सांगितलं की त्याला देवाचाही राग येतो," असं त्यांचं म्हणणं. त्यांना पाहून आजारी माणूस मात्र दचकायचा. रूपाअक्का दोनदा आल्या तर औषध बदलायचं, तिसऱ्यांदा आल्या तर नातेवाइकांना फोन लावायचे, असं आम्ही पोरं म्हणायचो. एकदा त्यांनी ते ऐकलं. म्हणाल्या, "तुझ्याकडे मी पहिल्यांदाच तिसऱ्यांदा येईन."

त्या दिवशी दुपारीच मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. हिलाल नाना ओट्यावर बसले होते. ते रूपाअक्कांचे यजमान, गवंडी. आमच्या चर्चच्या भिंतींचा गिलावा त्यांच्याच हातचा. बोलणं कमी, आणि जे असेल ते अहिराणीत.

"मी देवना कानमा सांगेल व्हतं," ते मला म्हणाले. "तू भोंगावर सांगी टाकं."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आत रूपाअक्कांनी मला चहा दिला. चहात साखर नेहमीएवढीच होती.

"अक्का, मी…"

"तू वाचलंस म्हणून कळलं. नाहीतर मी मेले तरी या माणसाने सांगितलं नसतं. एकोणीस वर्षं मी लोकांच्या खाटेशी बसले आधार, कोण राहणार कोण जाणार ते मला चेहऱ्यावरून कळायचं. आणि माझीच गोळी मला ॲसिडिटीची म्हणून देत होते. मी खात होते." मग आवाज चढवून, ओट्याला ऐकू जाईल असं: "देवाला सांगितलं, मला नाही. मी काय देवापेक्षा लांबची आहे?"

ओट्यावर नाना नखातलं सिमेंट खरवडू लागले.

त्या दिवसापासून रूपाअक्का नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. भाकरी करत, कपडे धूत, औषध घेत. पण बोलत नसत. जे बोलायचं ते माझ्यामार्फत. मी रोज दुकान बंद करून तिकडे जायचो, कारण पाप माझं होतं.

"आधार, त्यांना सांग, भाजी झाकून ठेवली आहे." नाना तीन हातांवर बसलेले.

"आधार, तिले इचार, गोळी लिधी का?"

"सांग, घेतली. कुठली ते मी वाचून घेतली."

मी मान इकडून तिकडे फिरवायचो. दुसऱ्या कोणाच्या घरी मला हसू आलं असतं. 

पुढच्याच रविवारी धान्याची पिशवी कोणाकडे न्यायची असा प्रश्न आला. शेवटी भागाबाई उठल्या. त्या भगिनी मंडळाच्या प्रमुख, वय सत्तर, रूपाअक्कांची पाठराखीण. दोघी-तिघींना घेऊन त्या पिशवी घेऊन निघाल्या, ओझं उचलायला मी. रूपाअक्कांनी दारातच अडवलं.

"भागाबाई, परत न्या."

"असं म्हणू नये रूपा. तू सगळ्यांना दिलंस."

"मी अजून स्वतः भाकरी थापते आहे. ज्या दिवशी थापता येणार नाही त्या दिवशी आणा. आणि येताना हे रडके चेहरे घरी ठेवून या. मी लोकांकडे जाताना कधी असं तोंड केलं होतं का?"

"नही," भागाबाई म्हणाल्या आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडल्या. रूपाअक्काच त्यांचे डोळे पुसत बसल्या. पिशवी मी उलट पावली आणली.

महिन्याभराने पोटात पाणी झालं. ते काढायला धुळ्याला नेलं. गाडीभाडं मंडळीने वर्गणी करून दिलं, सोबत नाना आणि मी. शेजारच्या खाटेवर जीनतबी नावाची बाई होती, मच्छीबाजाराजवळ राहणारी. नाना खाटेच्या पायथ्याशी बसून बायकोचे पाय चेपत होते आणि बायको भिंतीकडे तोंड करून होती. जीनतबीने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, मेरा आदमी तो मिलने भी नहीं आता. तुम्हारा पाँव दबाता है और तुम मुँह फेरती हो?"

रूपाअक्का म्हणाल्या, "इसने मेरेसे मेरा मरना छुपाया."

"मुझसे तो किसीने नहीं छुपाया," ती म्हणाली. "डॉक्टरने सीधा बोला. मैं अकेली थी."

त्या दिवशी दुपारी रूपाअक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तिनेही हात उघडून काहीतरी पुटपुटलं. आणि परत येताना गाडीत रूपाअक्का मला म्हणाल्या, "आधार, त्यांना सांग. जे कागदावर देवाला लिहिलं, ते माझ्यासमोर तोंडाने देवाला सांगा. मंडळीने ऐकलं, मला ऐकायचं आहे. मग मी बोलेन."

मी नानांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा, भिंत कलल्यावर गवंड्याचा व्हावा तसा झाला.

कारण हिलाल नानांनी जन्मात मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. दर मंगळवारी संध्याकाळी कोणा ना कोणाच्या घरी प्रार्थना असते. दाराशी बसलेल्यापासून सुरू करून उजवीकडे एकेकाची पाळी येते. नानांची पाळी आली की ते "आमेन" म्हणायचे आणि रूपाअक्का पुढे चालू करायच्या. आमच्याकडे बाजारात, शेतात, भांडणात बठ्ठे, म्हणजे सगळेच, अहिराणी बोलतात, पण डोळे मिटले की प्रत्येकजण पुस्तकातल्यासारखं बोलू लागतो. "हे कृपाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या कृपासनासमोर आम्ही नम्रतेने…" नानांना ते येत नव्हतं, आणि देवाशी आपल्या बोलीत बोलावं असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. उलट मी हुशारी केली. एक छान प्रार्थना लिहून, कॉम्प्युटरवर मोठ्या अक्षरांत टाइप करून, लॅमिनेशन करून नानांना दिली.

आठवडाभर ते बांधकामावर पाठांतर करत होते. मी एकदा गेलो तर माल कालवता कालवता ओठ हलत होते. "कृपासना"पर्यंत यायचे आणि फावडं थांबायचं.

"आधार, हाई आसन कोनतं?"

"नाना, देवाचं."

"मंग त्याले ठाऊक शेच ना. माले कसाले सांगाले लावस?"

दोन मंगळवार गेले. दोन्ही वेळा नाना "आमेन" म्हणाले. रूपाअक्का आता बसू शकत नव्हत्या. भाकरी थापणं सुटलं होतं. धान्याची पिशवी आली तेव्हा त्यांनी मानेनेच होकार दिला, आणि भागाबाईंनी ती आत नेऊन ठेवली.

तिसऱ्या मंगळवारी प्रार्थना त्यांच्याच घरी होती. दहा-बारा माणसं सतरंजीवर, रूपाअक्का खाटेवर. वना पाळकांनी सुरुवात केली. मग भागाबाई. मग नानांची पाळी. नानांनी खिशातून माझा लॅमिनेशनचा कागद काढला, डोळ्यांपासून लांब धरून पाहिला आणि मांडीखाली सारला.

"देवा," ते म्हणाले, आणि उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "देवा, माले पुस्तकनं बोलता येत नही. हाई रूपा. तुले ठाऊक शे. जवय मना घरमा उनी तवय घरले दरवाजा नव्हता, पोतं टांगेल व्हतं. तिनी कधी टोमना मारा नही. मी खोटं बोलनू. माले धाक वाटे. ती रडी ते मी काय करू, म्हणीसन बोलनू." मग घोगऱ्या आवाजात: "ती गई ते मी कोनले इचारू, भाजीमा मीठ किती टाकानं…"

कोणीतरी हुंदका दिला. मी नव्हतो असं मी म्हणत नाही. नानांनी उपरण्याने नाक पुसलं.

"आजून सांगानं शे. मोठं शे. पन आते गळा भरी उना. बाकीनं पुढला मंगळवारले सांगसू."

सगळ्यांच्या आधी खाटेवरून "आमेन" आलं. रूपाअक्कांनी मान वळवली. माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, देवाला आठ दिवस ताटकळत ठेवताय?"

एक्कावन्न दिवसांनंतरचं पहिलं वाक्य. नाना लाजले. साठीचा माणूस, आमच्या सगळ्यांसमोर, नव्या नवरदेवासारखा लाजला.

"त्याले काय," ते म्हणाले. "तो थांबी."

त्या आठवड्यात मला निरोप्याचं काम उरलं नाही. मी गेलो तेव्हा दोघं बोलत असायचे, मीठ, दरवाजा, बोर्डिंगातली कुठलीशी मैत्रीण, शेजाऱ्याची कोंबडी. मला पाहून रूपाअक्का म्हणाल्या, "काय सेक्रेटरी, पगार बंद झाला का?" शनिवारी दुपारी, नाना त्यांना पातळ भगर भरवत असताना, त्यांनी दुसरा घास तोंडात तसाच ठेवला.

रूपाअक्कांच्या थडग्याचं सिमेंटकाम नानांनी कोणाला हात लावू न देता स्वतः केलं. मंगळवारी प्रार्थना पुन्हा त्यांच्याच घरी ठेवली. पाळी त्यांच्यापाशी आली आणि आम्ही सगळे थांबलो. बाहेर रिक्षा गेली, शेळी ओरडली. पाळकांनी डोळे उघडले नाहीत, आम्हीही उघडले नाहीत. खूप वेळाने नाना म्हणाले, "आमेन."

याला आता पाच महिने होत आले. दर मंगळवारी त्यांच्या शेजारी मीच बसतो, म्हणजे त्यांच्यानंतर माझी पाळी. पाळकांनी मला सांगून ठेवलंय, घाई करायची नाही. मी करत नाही. कोणी खोकत नाही, कोणी घड्याळ बघत नाही. म्हाताऱ्या भागाबाईसुद्धा गुडघे दुखत असताना हलत नाहीत. 

गेल्या मंगळवारी नानांनी घसा खाकरला. आम्ही श्वास धरला.

"आधार," ते अगदी हळू म्हणाले, "तू कर. मनं ऱ्हायेल शे, ध्यानमा ठेव."

मी केली. नेहमीसारखीच, पुस्तकातली.